दारात उभं राहून लिहिलेलं पत्र

मी अफुआ कोनाडू. बावीस वर्षं कुमासी शहरात विकायचंच काम करते आहे. आधी छत्र्या, मग शिलाई मशीन, आणि आता उन्हावर चालणारं कोल्ड स्टोरेज. माझी रीत एकच. जायचं, दिलेल्या जागी बसायचं, पुढे केलेलं पाणी प्यायचं, आणि घरच्यांनी ‘काय काम काढलंत?’ असं विचारेपर्यंत कामाचं नावसुद्धा काढायचं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं हे. दारात उभ्या उभ्या कामाचं बोलणारा एक तर पोलीस असतो, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं.

आमचा नवा साहेब, नी आर्मा, राजधानीहून, अक्राहून आलेला. वय एकोणतीस. शर्टाला कडक इस्त्री आणि बोलायची भारी घाई. आल्या आल्या म्हणाला, ‘‘मावशी, आता तुमचं हिंडणं बंद. एआय ईमेल लिहील. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या त्याच्यापुरतं वेगळं पत्र.’’

‘‘आणि मी काय करू? टाळ्या पिटू?’’

‘‘तुम्ही वाचायचं आणि पाठवा म्हणायचं.’’

खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी मी तोंडात बोट घातलं. माझी मक्याची केंकी खाऊन होते न होते तोवर दोनशे बारा पत्रं तयार! कोनोंगोच्या दवाखान्याला लसींबद्दल, तळ्याकाठच्या कोळणींना त्यांच्या मासळीबद्दल. एकाचं दुसऱ्यासारखं नाही. एवढी माणसं मला बावीस वर्षांत ओळखता आली नसतील. मी खुर्चीत बसून नुसती वाचतच राहिले.

पण त्या दोनशे बारांतल्या एकाच पत्रावर आमचं पोट होतं. टेचिमानच्या बाजारात टोमॅटोच्या राणीआई आहेत, बिरागो नावाच्या. सगळ्या टोमॅटोवाल्यांच्या त्या प्रमुख. त्यांच्या शब्दाशिवाय तिथली एक पेटी इकडची तिकडे होत नाही. अक्राच्या मोठ्या ऑफिसनं बजावलं होतं, शुक्रवारी दुपारपर्यंत टेचिमानचा बाजार हाती लागला तर कुमासीची शाखा राहील, नाहीतर कुलूप. मी एकावन्न वर्षांची. मला नव्यानं कोण उभं करणार?

आणि नेमकं तेच पत्र नी आर्मानं मला न दाखवता पाठवलं! त्यात लिहिलं होतं, ‘आपल्या थोरल्या बहिणींच्या अंत्यविधीचे फोटो पाहिले, फार थाटात झाला. आपल्या बाजारात रोज बराच टोमॅटो नासत असेल. आमच्या कोल्ड स्टोरेजमुळे...’ आमच्याकडे अंत्यविधी थाटातच करतात, ते चुकलं नाही; पण मेलेल्या बहिणीपासून नासलेल्या टोमॅटोपर्यंत एका दमात!

तासाभरात उत्तर आलं. राणीआईंची भाची मान्सा त्यांचं ऑफिस बघते, तिनं लिहिलं होतं: ‘राणीआईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हा माणूस दारातूनच ओरडतोय. त्याला म्हणावं, पुढचं घर बघ.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, कुणाला लिहितोयस याचा काही विचार?’’

‘‘मावशी, त्यातली माहिती सगळी खरी आहे.’’

‘‘असेल रे खरी. पण तू बसलास का? पाणी प्यायलास का?’’

‘‘ईमेलमध्ये पाणी कुठून आणू?’’ तो रडकुंडीला आला होता. ‘‘कंपनीचा नियम आहे, पहिल्याच पत्रात काम सांगायचं. मीच यंत्राला तसं बजावलं होतं.’’

त्याचीही नोकरी जाणार होती, म्हणून मी जीभ आवरली. मग कॉम्प्युटर माझ्याकडे ओढला. म्हटलं, याच्याशीच भांडते आता. माझी अकरा वर्षांची जुनी पत्रं त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. ती सगळी त्या यंत्रापुढे ओतली आणि लिहिलं, ‘हे बघ, माणसांना असं लिहितात. तू माझं वाटोळं केलंस. आता सांग, काय करू?’

त्यानं लिहिलं: ‘माझं पत्र चुकलं. तुमची जुनी पत्रं मला आत्ताच मिळाली. ज्यांना उत्तर आलं, त्यांतल्या एकाही पहिल्या पत्रात मालाचं नाव नाही. तुम्ही विचारपूस करता आणि थांबता. समोरच्यानं विचारल्यावरच काम सांगता. तुम्ही पत्रातसुद्धा आधी बसता, पाण्याची वाट बघता, असं दिसतं. बरोबर आहे का?’

अगं बाई! हे मलाच माहीत नव्हतं! आजवरच्या प्रत्येक साहेबानं मला बोल लावले होते, की अफुआ पत्रात गप्पा मारते, अफुआला मुद्द्यावर येता येत नाही. मलाही तसंच वाटायचं. मी मनात लाजायची. माझ्या आजीनं लावलेलं वळण माझ्या हातातून त्या पत्रांत उतरत होतं, आणि ते मला दाखवलं कुणी, तर ज्यानं आयुष्यात कधी पाण्याचा घोट घेतला नाही त्यानं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी रुमालानं डोळे पुसले. नी आर्मा घाबरून म्हणाला, ‘‘काय झालं मावशी?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. गप्प बस.’’

मग यंत्रानं चार ओळींचं नवं पत्र लिहिलं. दारातून बोलल्याबद्दल माफी. बहिणीच्या जाण्याचं दुःख. बाजाराची, मान्साची विचारपूस. आणि मध्ये एक ओळ रिकामी. तिच्याखाली लिहिलं होतं, ‘तुम्ही त्यांच्याकडे कधी बसला असाल तर ते इथे तुम्हीच लिहा. मला कुठे सापडलं नाही, आणि मी रचून लिहिणार नाही. त्यांनी विचारल्याशिवाय मालाबद्दलही काही लिहीत नाही.’

मी बसले होते की! नऊ वर्षांपूर्वी, शिलाई मशीन घेऊन हिंडत होते तेव्हा. उत्तरेच्या वाऱ्यानं डोळे धुळीनं भरलेले, पायात गोळे आलेले. तेव्हा राणीआईचा मान त्यांच्या या वारलेल्या थोरल्या बहिणीकडे होता. तिनं स्वतःचं स्टूल मला दिलं आणि आपण टोमॅटोच्या उपड्या पेटीवर बसली. एवढी मोठी बाई! मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढंच त्या रिकाम्या ओळीत लिहिलं, माझ्या साध्या भाषेत.

नी आर्मानं पत्र दोनदा वाचलं. ‘‘मावशी, यात विकायला काहीच नाही.’’

‘‘नाहीच.’’

‘‘आज गुरुवार आहे! उद्या दुपारी अक्राहून फोन येणार!’’

‘‘मग आजच पाठव. आणि माझं नाव खाली घाल, कंपनीचं नको.’’

त्यानं कपाळाला हात लावला, पण पाठवलं.

शुक्रवारी सकाळी काहीच आलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. नी आर्मा खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता. मी कपाट आवरायला घेतलं, माझे चपलांचे दोन जोड पिशवीत भरलेसुद्धा. पावणेबाराला कॉम्प्युटर टिंग वाजला. नी आर्माची हिंमत होईना, म्हणून मीच उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

‘अफुआबाई, राणीआई म्हणतात, बसा. पाणी ठेवलं आहे. आमच्याकडे सगळं शांत आहे. वाट चालून तुम्ही आलात. बोला, काय काम काढलंत? – मान्सा. ता. क. ते स्टूल अजून आहे. तुमची ओळ वाचली तेव्हा राणीआई त्याच्यावरच बसल्या होत्या. मला पुन्हा वाचायला लावली.’

दारी आलेल्या पाहुण्याला घरात घेताना आमच्याकडे म्हणतात ते शब्द न् शब्द हेच. टेचिमान इथून तीन तासांवर, आणि मला तिथल्या अंगणातला माठ दिसत होता. एवढ्यात फोन वाजला. नी आर्मानं उचलला, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘साहेब, कुलूप लावू नका. आम्हाला बसायला सांगितलंय.’’ पलीकडचा माणूस अशांटीचा, म्हणजे आमच्याच भागातला असावा; त्याला लगेच कळलं. तो एवढंच म्हणाला, ‘‘बरं. मग मी थांबतो.’’

‘‘मावशी, लिहा, लिहा लवकर!’’ नी आर्मा खुर्ची पुढे करत म्हणाला.

‘‘थांब रे जरा,’’ मी म्हटलं. कोपऱ्यातल्या कॅनमधून पेलाभर पाणी घेतलं, खुर्चीत नीट बसले, सगळं पाणी प्यायले. मग लिहायला घेतलं.