हाताला लागतो तो ताप

इस्त्री करणाऱ्या बाईच्या हाताला सगळं जग थंड लागतं आणि कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी उचलणाऱ्या माणसाच्या हाताला सगळं जग तापलेलं. असे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले, वर त्यांना मूल झालं, तर त्या मुलाला ताप आहे की नाही हे ठरवायचं कुणी?

मूल दीड वर्षाचं होतं. खरं नाव कागदावर होतं, पण गाल बघून कुणीतरी ठमी म्हणालं आणि तेच चिकटलं. ठमीचा बाबा पहाटे कामावर जायचा आणि दुपारी परतायचा. आई दुपारी लाँड्रीत जायची आणि दिवेलागणीला परतायची. नवराबायकोची गाठ पडायची ती दाराशी, एकाने चपला काढता काढता आणि दुसरीने घालता घालता. तेवढ्यात पोरगी या कडेवरून त्या कडेवर जायची आणि दूध तापवलंय, लंगोट वाळलेत, एवढी बातमी सांगून व्हायची. प्रेमबिम रविवारी, तेही दोघांपैकी एकजण जागा असला तर.

"हिचं अंग गरम लागतंय गं," असं तो त्या आठवड्याच्या सुरुवातीला दाराशीच म्हणाला.

"तुला काय, फ्रीजचं दारसुद्धा गरम लागतं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

हा विनोद जुना होता. ठमी अगदी तान्ही असताना तो असाच घाबरून, कामावरचं जाड जॅकेट न काढता, तिला घेऊन दवाखान्यात धावला होता. ताप कसला नि काय! तिथल्या नर्सने त्याला सांगितलं, आधी स्वतःचे हात खिशात घालून गरम करा, मग पोरीला लावा. ही गोष्ट तिने माहेरी सांगितली, सासरी सांगितली, लाँड्रीतल्या बायकांना तर साभिनय सांगितली. तोही हसला. पाचव्यांदा सांगितली तेव्हा जरा कमी हसला, पण ते कुणी मोजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला. संध्याकाळी तिने येऊन ठमीच्या कपाळावर हात ठेवला. दुपारभर वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सपाट करून आलेला हात तो. त्याला कपाळ छान गार लागलं. सर्दी नाही, खोकला नाही, पोरगी डबे आपटत खेळतेय. जेवताना तोंड फिरवते आणि दुपारी किरकिर करते, एवढंच. "दात येत असतील," ती म्हणाली. दातांचं एक बरं असतं, त्यांच्यावर काहीही ढकललं तरी ते तक्रार करत नाहीत.

घरात थर्मामीटर होता. त्याचा सेल संपला होता. सेल खालच्या दुकानात मिळत होता. पण तू आण, मी आणतो, उद्या आणू, यात तो खालीच राहिला. कुणाला वाटेल काय हे आईबाप! वाटू दे. पायांत गोळे आलेल्या माणसाला एक जिना उतरून पुन्हा चढणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तिसऱ्या दिवशीही त्याने विषय काढला, जरा बिचकतच. "अरे, नको ना आता," असं ती म्हणाली. त्यानंतर मात्र त्याने तोंड उघडलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखंही वाटलं.

मग एके सकाळी लाँड्रीतला बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना एक दिवसाची सुट्टी मिळाली. तिने त्या सुट्टीचं काहीही केलं नाही. केर तसाच ठेवला, कपडे तसेच ठेवले आणि ठमीशेजारी चटईवर आडवी झाली. दुपारी जाग आली तेव्हा नवरा येऊन न्हाणीघरात हातपाय धूत होता. झोपेतच तिने ठमीच्या पोटावर हात टाकला आणि चटकन उचलला.

पोट चांगलं गरम होतं. तिने हात स्वतःच्या पोटावर ठेवून पाहिला, मग गालावर, मग पुन्हा ठमीच्या मानेवर. रोज सकाळी ताप उतरलेला असायचा आणि दुपारी चढायचा तेव्हा ती लाँड्रीत असायची; आज तिने इस्त्री धरलीच नव्हती. हा हात आज इतर चारचौघींसारखा हात होता आणि तो साफ सांगत होता, पोरीला ताप आहे.

ती तशीच खाली गेली आणि सेल घेऊन आली. थर्मामीटर शंभराच्या जरा वर थांबला. फार नाही. पण होता.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून तो आकडा बघत होता. 'मी सांगत नव्हतो?' असं तो म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "चल, दवाखाना उघडा असेल."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या आणि दुपारपर्यंत बरीच पोरं रडवून दमल्या होत्या. त्यांनी ठमीचं वजन केलं, कान पाहिले, घसा पाहिला, छातीवर नळी टेकवली, पोट दाबलं, अंगावर पुरळ आहे का तेही कपडे वर करून पाहिलं. ठमीने भोकाड पसरलं आणि तेवढ्यातच त्यांचा पेनही पळवला.

"ताप कधीपासून आहे?"

आईने तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाला, "आजच. आज दुपारीच लक्षात आलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा वजनाचा तक्ता वाचण्यात गुंग झाला होता. तिला सांभाळून घेत होता तो. डॉक्टरबाई आता हिला फैलावर घेणार, त्याआधीच त्याने स्वतःची छत्री तिच्या डोक्यावर धरली होती.

"मग घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खेळतेय, पाणी पितेय, श्वास नीट आहे. पहिलाच दिवस आहे, दोन दिवस वाट बघू. पातळ कपडे घाला, गुंडाळून ठेवू नका, थोडं थोडं पाणी पाजत राहा. फारच बेचैन झाली तरच औषध द्यायचं, तेही वजनाप्रमाणे, मी लिहून देते तेवढंच. मलूल पडली, प्यायची थांबली, श्वास जोरात लागला, झटका आला, अंगावर डाग दिसले, तर मात्र तडक या. रात्र असली तरी."

ते सगळं तिला किती गोड लागलं म्हणून सांगू! वाट बघू. म्हणजे घरी जाऊ, चटईवर पडू, उद्या कामावर जाऊ. कुणी काही विचारणार नाही. तिने ठमीला उचललं, चिठ्ठी घेतली, डॉक्टरबाईंचे आभारही मानले. दाराची कडी हातात आली तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही पोरीच्या जिवावर?

ती मागे फिरली. "डॉक्टर, आजपासून नाही. चार-पाच दिवस झाले असतील. हा रोज सांगत होता. मीच ऐकलं नाही."

"अगं..." नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली. "मग हिशेब बदलला. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप इतके दिवस. आता लघवी तपासल्याशिवाय घरी जायचं नाही. एवढ्या लहान मुलींना लघवीत जंतू झाले तर दुसरं काही दिसत नाही, नुसता बारीक ताप राहतो." त्यांनी एक झाकणाची डबी पुढे केली.

आता, जी पोरगी घरात दिवसातून दहा वेळा वाटेल तिथे तळं करते, तिला डबीत शू करा म्हटलं की तिचा बाणेदारपणा जागा होतो. बाहेरच्या बाकावर दोघांनी तिला पाणी पाजलं, नळ सोडून दाखवला, बाबाने तोंडाने शूऽऽ करून करून ओठ वाळवले. बाकावरची एक आजीबाई त्याला म्हणाली, "अरे बाबा, आता मलाच जावं लागेल." ठमी मजेत हसत होती. आई खाली उकिडवी बसून डबी धरून होती. गुडघे भरून आले, पण तिने जागा सोडली नाही. शेवटी ठमीने कृपा केली, थोडी डबीत आणि बरीचशी आईच्या मनगटावर.

नर्स डबी घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळाने डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. जंतू होते. पुढची तपासणी दोन दिवसांनी कळणार होती, पण औषध आजच सुरू करायचं, ताप उतरला तरी मध्येच सोडायचं नाही. "वेळेत सापडलं," त्या म्हणाल्या. "घरीच राहिला असतात तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकलं असतं हे. बरं झालं, परत फिरलात."

परतताना ठमी बाबाच्या खांद्यावर झोपली. औषधाची पिशवी आईच्या हातात होती. कोपऱ्यावर तिला राहवलं नाही.

"खोटं कशाला सांगितलंस?"

"ओरडल्या असत्या तुला."

"ओरडू द्यायचं की. माझीच चूक होती." थोडं चालून ती म्हणाली, "तरी बरं, काल-परवा तुला काही वाटलं नाही. कमी झाला असेल मधे."

ठमीची मान घसरत होती ती त्याने नीट केली.

"काल जास्तच वाटला होता," तो म्हणाला. "परवापेक्षाही जास्त."

ती थांबली. "मग बोलला का नाहीस?"

"तू हसली असतीस."

तो रागाने म्हणाला नाही. पाऊस पडला असता, बस चुकली असती, तसं सहज म्हणाला. तिला वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. काल दुपारभर हा माणूस तापलेली पोरगी मांडीवर घेऊन बसला होता, आणि संध्याकाळी आपण घरात शिरलो तेव्हा त्याने विचारलं होतं, भूक लागलीय का. आपण हो म्हटलं होतं.

रस्त्यात माणसं होती, तरी तिला रडू आलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने त्याची बाही धरली.

"मी हसले तरी सांग," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? हसले तरी सांगत राहा."