त्रेसष्ट नंबरचा बिल्ला

मला सगळे भोंगा म्हणतात. खाण चालू होती तेव्हा पाळी सुटताना खराखुरा भोंगा वाजायचा आणि तीन टेकड्यांपलीकडे ऐकू जायचा. खाण बंद झाली, भोंग्याची वीज कापली आणि नेमकी त्याच वर्षी मी शाळेत वक्तृत्व स्पर्धा जिंकले. रिकामी जागा मी भरून काढली, एवढंच.

आमच्या डोंगरात तांबं आहे. अजूनही आहे, पण इतकं खोल की काढणं कुणाला परवडत नाही. साठ वर्षं इथून ट्रक भरभरून माल गेला आणि गावाला मिळाला एक पक्का रस्ता, तोही बाहेर जाणारा. खाणीनंतर त्या रस्त्याने माणसंही जायला लागली. बाबा खाणीत मुकादम होते. दीड वर्ष घरी बसल्यावर त्यांना दुसऱ्या एका खाणीतून बोलावणं आलं. प्रवास दोन दिवसांचा, सुट्टी वर्षातून एकदा, आणि निघायचं येत्या रविवारी.

आई त्यांच्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवत होती. माझी आई दिवसाला सहा शर्ट शिवते, पण ही पिशवी तीन आठवडे मशीनवर पडून होती. विचारलं की म्हणायची, “बंद लावायचे राहिलेत.”

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. एका सहलीच्या कंपनीला मी चार पानी पत्र लिहिलं. वरचा बोगदा कोरडा आहे, सरकारी इंजिनिअरने ठोकून-ठाकून पाहून त्यावर सही केलीय, भिंतींवर तांब्याच्या हिरव्या-निळ्या रेघा आहेत, मुकादम आमच्या घरचेच आहेत, वगैरे वगैरे. आणि उत्तर आलं! गुरुवारी त्यांच्या एक बाई स्वतः बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर गाड्या सुरू होणार, खाण बाबांच्या हाती राहणार. नाही म्हटलं तर रविवार होताच.

“खाण बघायला लोक पैसे देणार?” बाबांनी विचारलं. “आम्ही तीस वर्षं तिथून बाहेर पडायला धडपडलो.”

“मग आता तुम्ही बाहेर काढायचं आणि मी आत न्यायचं. कामाची वाटणी!”

“जीभ बघा हिची,” आई म्हणाली. “त्या जिभेनं जरा हा दोरा ओला करून दे. सुईत जात नाहीये.”

गुरुवारी सकाळी बाबांनी मला बिल्ल्यांच्या खोलीत नेलं. बोगद्याच्या तोंडाशीच ती खोली आहे. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर एकशे वीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला घ्यायचा, बाहेर आलं की परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. सगळे खिळे भरल्याशिवाय पाळी सुटत नसे, मग बाहेर कुणाचं लग्न का खोळंबेना. मी बिल्ले मोजले. एकशे वीस. बाबांनी पुन्हा मोजले.

“मी मोजले की आत्ता!”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

कंपनीच्या बाई जीपमधून उतरल्या त्या घड्याळ बघतच. सोबत एक फोटोग्राफर आणि ऑफिसातले दोघं, जे सगळं फोनवर टिपून घेत होते. बाबांनी एकेकाच्या हातात बिल्ला दिला. त्या चौघांना एक ते चार, स्वतःला पाच, दिव्यांची सोय बघणाऱ्या वायरमनकाकांना सहा आणि मला सात.

आता सात काय नंबर आहे का? सात तर कुणालाही मिळतो. बाबा फोटोग्राफरच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होते, तेवढ्यात मी सात परत लावला आणि त्रेसष्ट काढून घेतला. त्रेसष्ट बाबांचा पहिला नंबर, खाणीत नवे लागले तेव्हाचा. दोरी गळ्यात घातली आणि बिल्ला युनिफॉर्मच्या आत सोडला. गार लागला. छान वाटलं.

आणि मी आत अशी काही बोलले म्हणता! खरंच, मीच माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. दगडात ड्रिल कसा शिरतो, सुरुंग लावायच्या आधी सगळे कुठे थांबतात, अंधारात बाबा भिंतीवर हात ठेवून जागा कशी ओळखतात. मी दिवे घालवायला लावले आणि मनात वीस मोजेपर्यंत चक्क गप्प राहिले. वायरमनकाका नंतर म्हणाले, “दिवे गेल्यापेक्षा तू गप्प बसलीस त्याची भीती वाटली.” बाई हसल्या. मी मनातल्या मनात गाड्या मोजायला लागले होते.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी आपापले बिल्ले लावले. “तुझा?” बाबांनी विचारलं. मी फळ्याकडे पाहिलं, सातवर सात होता. “लावला,” मी म्हटलं आणि बाईंना आईनं तयार केलेली पाहुण्यांची खोली दाखवायला वळले.

“थांबा,” बाबा म्हणाले. “त्रेसष्ट रिकामा आहे.”

सगळ्यांनी खिसे चाचपले. एकालाही आठवेना. मलाही नाही, शप्पथ! डोक्यात नुसत्या गाड्या फिरत होत्या.

“मुकादम, माणसं सगळी समोर उभी आहेत की,” काका म्हणाले.

“आपली आहेत. पण दार तासभर उघडं होतं. सकाळी एकशे वीस होते, आता एकशे एकोणीस. कुणीतरी आत आहे.”

“अहो, पडला असेल कुठेतरी,” बाई म्हणाल्या. “आम्हाला अंधार पडायच्या आत पुढचं ठिकाण गाठायचंय.”

“तुम्ही निघा बाई. मी दार लावू शकत नाही.”

मी बाबांच्या मागे धावले. “बाबा, आजच? आत्ताच? त्या जातील! सगळं फुकट जाईल!”

“जाऊ देत,” बाबा म्हणाले. त्यांनी हेल्मेट घातलं आणि काकांना घेऊन बोगद्यात गेले.

मी इतकी चिडले होते की डोळ्यांत पाणी आलं. आईनं पाहुण्यांसाठी चहा आणला होता. कप द्यायला मी वाकले आणि गळ्याशी काहीतरी घरंगळलं.

त्रेसष्ट.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते कळलं, आणि आमच्या जमिनीखाली तर तशीही सगळी पोकळी आहे. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाई फोनवर होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पाच पावलांवर बिल्ल्यांची खोली होती. जाऊन लावला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण माझ्या बापाला कळलं असतं. म्हणजे उलटंच कळलं असतं. ते बाहेर येऊन बघणार, खिळा भरलेला. सगळे म्हणणार, मुकादमांची मोजणी चुकली. तीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस, नेमका बाईंसमोर.

बिल्ला सापडला की आत शोधणाऱ्यांना बोलवायला भोंगा तीनदा वाजवायचा, असा नियम होता. भोंग्याला वीज नव्हती. मी बोगद्याच्या तोंडाशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, “बाबाऽऽ! सापडलाऽऽ!” तीनदा. जीपचा हॉर्न थांबला. फोटोग्राफरच्या हातातला चहा सांडला.

बाबा धापा टाकत आले. कपाळाला खरचटलं होतं. मी दोरी गळ्यातून काढली.

“माझ्याकडे होता,” मी म्हटलं, बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. (माझ्याकडे दुसरा आवाज नाहीच.) “सात बदलून मी हा घेतला होता. मग विसरले. बाबांची मोजणी बरोबर होती.”

बाबांनी बिल्ला घेतला, बाहीला पुसला, खिळ्याला लावला. मग एक ते एकशे वीस, सगळे पुन्हा मोजले. आम्ही सगळे उभे.

“सगळे बाहेर,” बाबा म्हणाले. “आता निघा.”

पण बाई निघाल्या नाहीत. “तुम्हाला दिसत होतं, सगळे बाहेर आहेत. तरी आत गेलात?”

“डोळ्यांनी मोजलं की आपल्याला हवी तीच बेरीज येते, बाई.”

बाई बिल्ल्यांच्या खोलीच्या दाराला टेकून फळ्यावरचे नंबर वाचत होत्या. “मी चाळीस जणांची बस पाठवणार होते,” त्या शेवटी म्हणाल्या.

चाळीस! मी उडीच मारणार होते.

“बारा,” बाबा म्हणाले. “एका वेळी बारा. तेरावा आत जाणार नाही.”

मी आईचा हात धरला. आईनं माझा दाबला, जरा जोरातच, म्हणजे तोंड उघडू नकोस.

“आणि माझी चाळीस माणसं?” बाईंनी विचारलं.

“बारा आत, बाकीची गावात. चहा पितील, आमच्या वायरमनच्या गप्पा ऐकतील. दोन्हीपैकी एकानं तरी जागी राहतील.”

“म्हणजे दिवसभर थांबावं लागेल,” बाई म्हणाल्या.

“राहायलाही खोली आहे,” आई पटकन बोलली. “चादरी नव्या आहेत. मी शिवल्यात.”

बाई हसल्या. मग ऑफिसातल्या दोघांना म्हणाल्या, “लिहा. येत्या शनिवारपासून, बारा-बारांच्या तुकड्या. मुकादम हेच. यांच्याशिवाय दार उघडायचं नाही.” आणि माझ्याकडे बघून, “बोलायला ही. पण हिला बिल्ला मोजून द्या.”

जीप गेली. मी वाट बघत होते की आता बोलणी बसणार. पण घरी येऊन बाबांनी कपाळ धुतलं आणि आईच्या मशीनसमोर बसले. “ती पिशवी झाली का?”

“बंद राहिलेत,” आई म्हणाली.

“राहू देत. उसव. पाहुण्यांच्या खोलीला पडदा नाहीये.”

तीन आठवडे रखडलेलं काम आईनं दहा मिनिटांत उसवलं.

माझी शिक्षा मात्र सुटली नाही. शाळेआधी रोज फळ्यापुढे उभं राहून एकशे वीस बिल्ले मोजायचे, मोठ्यानं, दोनदा. पहिल्याच दिवशी, शुक्रवारी, मोजून झाल्यावर बाबांनी त्रेसष्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

“हा तुझा. पण सगळ्यांच्या शेवटी लावायचा. तू लावलास की मी दार बंद करणार.”

“आणि विसरले तर?”

“तर मी आत येणार,” बाबा म्हणाले. “कितव्यांदा का असेना.”

शनिवारी बारा जण आत गेले, बारा जण बाहेर आले. सगळ्यांचे बिल्ले लागले. मग मी माझा लावला आणि ओरडले, “सगळे बाहेरऽऽ!” तिसऱ्या टेकडीपलीकडे ऐकू गेलं म्हणे.