रडली नाहीस तर भिंगरी

मित्रांनो, मी मुलांच्या वॉर्डातली एक जुनी भिंगरी आहे, आणि आज रागावून बोलते आहे.

फाइलच्या लाल प्लॅस्टिक कव्हरातून सिस्टरनी मला कापले आणि टाचणीने नळीवर बसवले. ऑपरेशन झालेल्या मुलाने हळू फुंकायचे आणि मी फिरायचे, एवढेच माझे काम. लांब श्वास सोडला की आवळलेले अंग सैल पडते. मी औषधाची जागा घेत नाही, त्याच्या जोडीला असते. पुढे माझे एक पाते वाकले, रंग विटला. त्याचे मला काही नाही.

राग आहे तो एका दुपारचा. पोटाचे ऑपरेशन झालेली एक मुलगी कण्हू लागली. घरचे तिला चिमणी म्हणत. तिच्या आत्याने मला उचलून खिडकीत उंच ठेवले. "शहाण्या मुली रडत नाहीत. रडली नाहीस तर भिंगरी तुला."

म्हणजे मला लाच केले. चिमणी गप्प झाली. ओठ दाताखाली, मुठीत चादर, श्वास वरच्यावर. खोकला आला, तोही तिने गिळला. शेजारच्या खाटेजवळच्या आजी म्हणाल्या, "किती गुणाची पोर." माझा नुसता तिळपापड होत होता.

सिस्टर आल्या. "दुखतंय का गं?"

चिमणीने माझ्याकडे पाहिले. "नाही."

सिस्टरनी तिची मूठ पाहिली, मग मला. "ही वर कुणी ठेवली?"

"मीच," आत्या कौतुकाने म्हणाली. "बघा, हूं की चूं केलं नाही तिनं."

"तिनं सांगितलंच नाही, तर मला कळणार कसं? हे बक्षीस नाही, ताई. उपचार आहे तिचा."

त्यांनी आधी औषध दिले. मग मला चिमणीच्या हातात ठेवले. "ही तुझीच. रड हवं तेवढं. मग फुंकू."

चिमणी हुंदके देत रडली. आत्याचा चेहरा पडला. "मी काय करू?"

"खोकला आला की ही उशी तिच्या पोटाशी हलकेच धरा. आणि तिच्याशी बोलत राहा."

बऱ्याच वेळाने मी फिरले. आधी अर्धा फेरा, मग पुरा.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवर एक बाबा मुलाला दटावत होते, "रडतोस काय बायकांसारखा?" मी पुन्हा पेटले. पण आत्याच उठली. "रडू द्या त्याला. मी सिस्टरना बोलावते."

मित्रांनो, दुखत असेल तर दुखतंय म्हणा. गप्प बसण्यासाठी कुणी काही देऊ केले, तर घेऊ नका. मला देऊ केले तरी घेऊ नका.