तिसऱ्या पायरीवरचा तांब्या

माघातली दुपार उतरणीला लागली होती. उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी धूसरता झुलत होती. पलीकडच्या काठावरच्या गुऱ्हाळाचा गोड, जाडसर धूर वाऱ्यावाचून जागच्या जागी रेंगाळत होता, आणि कृष्णा, संथगामिनी, श्यामलजला, आपल्या तंद्रीत वाहत होती.

ऊन असं पिकलेलं, असं मधुवर्णी, की वाचनालयाच्या मागच्या ओसरीवरची सतरंजीही राजवस्त्रासारखी दिसावी. क्षणभरच. मग तिच्यावरचे चहाचे डाग दिसू लागत.

दर मंगळवारी चार वाजता या सतरंजीवर चौघं जमत, आणि मधोमध पाण्याने भरलेल्या घंगाळात जेरेगुरुजींचं घटिकापात्र तरंगत असे. तळाला सुईच्या अग्राएवढं छिद्र असलेली ती इवली वाटी थेंबाथेंबाने भरे आणि चोवीस मिनिटांनी बुडे. एके काळी ती बुडाली की गावात लग्नं लागत. आता मुहूर्त मोबाईलवर येतो आणि मंगल कार्यालयाच्या सोयीने येतो. तेव्हा वाटी निवृत्त झाली, पाठोपाठ गुरुजीही झाले. रिकामं बसणं दोघांनाही जमेना.

पुण्याच्या भाचीने त्यांना सांगितलं, की शहरात लोक एखादी साधी वस्तू समोर ठेवतात, घड्याळ लावतात आणि मनात येईल ते लिहीत सुटतात. गुरुजींनी त्यातलं घड्याळ काढलं आणि वाटी बसवली.

नियम सोपे होते. पिशवीतून घरातली एक वस्तू निघायची. वाटी तरंगतेय तोवर लेखणी उचलायची नाही, खोडायचं नाही, आणि काहीच सुचलं नाही तर त्या वस्तूचं नावच लिहीत राहायचं. वाटी बुडाली की वाचायचं. ज्याला वाचायचं नसेल त्याने पान दुमडावं, कुणी काही विचारणार नाही. आणि ऐकणाऱ्याने 'वा' म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात सहज पाळला जाई.

दस्तगीर मुल्लाणी एस. टी.चे निवृत्त कंट्रोलर. पिशवीतून चिमटा निघो, गाळणी निघो, चौथ्या ओळीला ते पाच चाळीसच्या मिरज गाडीत चढत. वाटीला चोवीस नव्हे, सव्वीस मिनिटं लागतात, छिद्रात क्षार बसलेत, असं त्यांचं मत होतं. क्षार एस. टी.च्या घड्याळात असणार, असं गुरुजींचं.

उरलेल्या दोघी शिरगुप्प्यांच्या सुना, एकमेकींच्या जावा. थोरल्या रत्नाबाई: शुभ्रकेशी, मितभाषिणी, कमरेला किल्ल्यांचा चांदीचा छल्ला. धाकटी चंपा: सहासष्ट वर्षांची झाली, तरी घरादाराची वेंधळी चंपाच राहिलेली. सासूबाईंनी जाताना किल्ल्या थोरलीकडे दिल्या, त्या धाकटीच्या हातात काही टिकत नाही म्हणून. दुधाचं भांडं चुलीवर ठेवलं तर चंपा दाराशी जाऊन तीनदा परत येई. तिला स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता. गाव हसे, तीही हसे, सगळ्यांच्या आधी.

त्या मंगळवारी गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि काथ्याचा एक बोळा बाहेर काढला. भांडी घासायचा, नारळाच्या शेंडीचा, चिंचेने काळवंडलेला. त्यांनी तो घंगाळाशेजारी ठेवला आणि वाटी पाण्यावर सोडली.

रत्नाबाईंनी नेहमीसारखी नेटकी सुरुवात केली. काथ्या पिंगट असतो, काथ्या काटक असतो. काथ्याने भांडी लखलखतात. मग लेखणी थबकायला आली. थबकायची मुभा नव्हती. काथ्या, काथ्या, काथ्या, त्या लिहीत गेल्या, आणि चौथ्या काथ्याला चिंचेचा आंबट वास आला, पाचव्याला ओली राख लागली बोटांना, आणि सहाव्याला त्या पंचवीस वर्षांच्या होऊन समोरच्याच घाटाच्या, पाण्याकडून तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या.

हातात तांब्या होता. पितळी, पीतप्रभ, घाटदार गळ्याचा. चंपाच्या आईने लग्नात दिलेला. आई त्याच वर्षी गेली, आणि मागे एवढाच तांब्या उरला. चंपा धुण्याचा पिळा वाळत घालायला वर गेली होती. तांब्या घासायची पाळी तिची. पण थोरलीला वाटलं, पोर दमलीय, आपण घासू.

चिंच निसरडी, पितळ निसरडं, पाणी तर जन्माचंच निसरडं.

लेखणी धावत होती. रत्नाबाई तिच्या मागे धावत होत्या, पदर सावरत, धापा टाकत, थांब म्हणत. ती थांबली नाही. सासूबाईंनी संध्याकाळी तांब्या विचारला, ते ती लिहून गेली. चंपाने तोंडावर हात नेला आणि 'मीच घाटावर विसरले' म्हणाली, तेही लिहून गेली. रत्नाबाईंना खोटं एक अक्षरही बोलावं लागलं नव्हतं. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. आणि ते त्यांना फार सुरेख जमलं, सत्तेचाळीस वर्षं.

वाटी बुडाली.

मुल्लाणींनी वाचलं. काथ्या जुन्या गाड्यांच्या सीटमध्ये भरलेला असे. त्यामुळे आज त्यांना गाडीत चढायला चार ओळीसुद्धा लागल्या नाहीत. गुरुजींनी आपल्या मुंजीतला नारळ वाचला. मग चंपाने वही डोळ्यांजवळ धरली.

तिने तांब्याबद्दलच लिहिलं होतं. काथ्या बघितला की आईचा तांब्या आठवतो, असं. तो मी हरवला, असं. आईनं मागे ठेवलेली एक वस्तू ज्या हातांना सांभाळता आली नाही, त्या हातांत मी कधी माझं लेकरूसुद्धा निर्धास्त घेतलं नाही, असं. वाचून झाल्यावर ती हसली, सगळ्यांच्या आधी. बाकी कुणी हसलं नाही.

आता थोरलीची पाळी होती. पान समोर होतं, आणि पान दुमडता येत होतं. दुमडलं तर आज रात्री चंपा नेहमीसारखी भाकरीचं ताट घेऊन येणार, 'अक्का, जेवून घ्या' म्हणणार. वाचलं तर येईल की नाही, हे कृष्णेलाही सांगता आलं नसतं. आणि या वयात रत्नाबाईंना दुसरं होतं कोण?

बोटं पानाच्या कोपऱ्याशी गेली. कोपरा अर्धा वळला. मग त्यांनी तो अंगठ्याने सपाट केला आणि वाचायला लागल्या. काथ्या, काथ्या, काथ्यासकट, सगळं, शेवटपर्यंत.

कुणी 'वा' म्हटलं नाही. मुल्लाणी पायातल्या मोज्यांकडे बघत राहिले, गुरुजी घंगाळाकडे. ओसरीवरचं ऊन एक फरशी मागे सरकलं.

चंपाने वही मिटली, चपला घातल्या आणि ती घाट उतरू लागली. एकेक पायरी. रत्नाबाई चार पायऱ्या अंतर ठेवून मागून गेल्या. आजवर चालताना चंपा मागे असे.

तिसऱ्या पायरीवर चंपा बसली. पलीकडे गुऱ्हाळाचा धूर जांभळा होत होता. पाण्यावर लांबच लांब, केशरी, थरथरती रेघ पडली होती.

"सत्तेचाळीस वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घातल्या," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "आता त्या परत घेऊ कशा, अक्का?"

रत्नाबाई वरच्या पायरीवरच थांबल्या.

मग चंपाने विचारलं, अगदी हळू, एखाद्या लांबच्या गावाहून आलेल्या माणसाला घरची खुशाली विचारावी तसं:

"बुडताना कसा दिसत होता?"

"लगेच नाही गेला," रत्नाबाई म्हणाल्या. "तोंड वर करून तरंगला थोडा. घासलेला होता नुकताच, ऊन पडलं होतं त्याच्यावर. मग वळला, आणि भरला. खाली जाताना सुद्धा चमकत होता गं. किती तरी वेळ दिसत होता."

चंपाने डोळे मिटले. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून काय खाली गेलं, किती खोल गेलं, कुठल्या वाळूवर जाऊन टेकलं, ते तिचं तिला ठाऊक. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. सुरकुतलेले, रिकामे, निर्दोष.

"आजचं जेवण तुमचं तुम्ही करा," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघीन."

रत्नाबाईंनी मान हलवली. वर जायचं की थांबायचं, ते त्यांना कळेना. चंपाने वळून पाहिलं नाही. फक्त पायरीवर पसरलेला आपल्या लुगड्याचा घोळ तिने आवरून घेतला, थोडासाच, नाराजीने घ्यावा तसा. आणि तिच्या शेजारी वीतभर दगड मोकळा झाला, उघडा, उबदार, दिवसभराचं ऊन प्यायलेला.