राखीव बोअरमधले पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये दौलताबादजवळच्या एका राखीव बोअरमधले पाणी दिवसातून दोनदा बोटभर खाली जात होते आणि दोनदा तितकेच वर येत होते. दुष्काळामुळे उपसाबंदी होती आणि आसपासचे सगळे पंप बंद होते.

गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब त्या बोअरमधल्या नोंदयंत्राचा एका दिवसाचा आलेख घेऊन मुकुंदवाडीला वैदेहीच्या भूजल कार्यालयात आले. सोबत बोअरशेजारचा शेतकरी बन्सी होता.

"बघा म्याडम, इथं पाणी उतरलं. म्हंजी यानं मोटार लावली."

"माझ्या मोटारीत चिमणीनं घरटं केलंय, तात्या!"

"चिमणीला बी पाणी लागतंच की. उद्या सभा हाय. चोरी ठरली तर याच्या घरचं टँकरचं पाणी बंद."

भूजलशास्त्र शिकलेल्या वैदेहीने दोघांवरही विश्वास ठेवला नाही. यंत्राच्या आठवड्या-आठवड्याच्या फायली पुण्याच्या सर्व्हरवर उन्हाळा सरल्यावरच एकदम चढवायची कार्यालयाची रीत होती. त्यामुळे सलग नोंदी कोणी पाहिल्याच नव्हत्या. ती तिथेच फायली चढवू लागली. पहिली परत आली: सर्व्हर दिवसाला महिना समजत होता. तिने तारखेचा रकाना दुरुस्त केला, चढलेल्या ओळी मूळ फायलींशी ताडून पाहिल्या आणि आतापर्यंतचा उन्हाळा एका आलेखात मांडला.

पाणी उतरण्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत होती.

"बन्सीभाऊ, तुम्ही रोज पन्नास मिनिटं उशिरा चोरी करता?"

"बाई, मला घड्याळच नाय."

यंत्राचे घड्याळ बिघडले असेल? तिने पडताळले, ते बरोबर होते. हवेचा दाब? तो रोज ठरल्या वेळीच बदलतो. मग तिने चंद्र रोज माथ्यावर आणि बरोबर पायाखाली येण्याच्या वेळा आलेखावर ठेवल्या. एकही उतार चुकला नाही.

तिने आलेख पुन्हा पहिल्या दिवसापासून तपासला. समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता, आणि इथे, कोरड्या शिवाराच्या पोटात, भरती-ओहोटी चालली होती.

"काय झालं, म्याडम?" तात्यासाहेबांचा आवाज आपोआप खाली आला.

तिने सभेसाठी कागदावर लिहून दिले: चंद्राच्या ओढीने जमिनीखालचा काळा पाषाण किंचित ताणला जातो, त्याच्या भेगा रुंदावतात आणि पाणी उतरते, ताण सैलावला की ते चढते. एरवी पंपांच्या उपशात हे झाकून जाते. यंदा पंप बंद असल्याने दिसले. पाणी कोणीही चोरलेले नाही.