तिचंच लाव

पार्लरवालीने फाउंडेशनच्या बाटलीचं झाकण फिरवलं, बाटली नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. खवट तेलाचा वास येत होता. वर पिवळट पाणी, खाली गाळ, असं ते फुटून बसलं होतं. तिने बाटली उलटी करून तळ पाहिला. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात बाराचा आकडा. म्हणजे एकदा उघडलं की वर्षभरात संपवायचं. ही उघडून किती वर्षं लोटली होती कोण जाणे.

"जित्याची खोड..." ती सवयीने बोलून गेली आणि उरलेली म्हण तिने तशीच गिळली.

पलंगावर धाकटी होती. सकाळीच गेली होती. हनुवटीपर्यंत चादर ओढलेली, आणि आजाराने चेहरा पार आटून गेलेला. उशाशी तिची आई बसली होती, लेकीचा मेकअपचा डबा मांडीवर घेऊन.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही, काकू. हे खराब झालंय. माझ्याकडे नवं आहे, कालच उघडलंय. ते लावते."

"नको. तिचंच लाव. दुसऱ्याचं तिला चालत नाही, तुला ठाऊक आहे ना? सगळं अंगावर उठतं."

ठाऊक नसायला काय झालं? कॉलेजात असल्यापासून धाकटी पार्लरमध्ये यायची ती स्वतःचा डबा काखोटीला मारूनच. पार्लरवाली दर वेळी तिला झापायची: काजळ, मस्कारा चार-सहा महिन्यांत फेकायचा असतो, डोळे सुजवून घेशील एक दिवस. पालथ्या घड्यावर पाणी! "ताई, एवढंसं तर वापरलंय," म्हणत धाकटी संपलेल्या लिपस्टिकमध्येही काडी घालून कोरत बसायची. आजारपणात मात्र डबा कपाटात गेला. बरी झाले की लावीन, म्हणायची. आई तो अधूनमधून वरून पुसून लख्ख ठेवायची.

"दादा पोचतोय आत्ता," आई म्हणाली. "इतक्या दिवसांत हिने त्याला तोंड दाखवलं नाही. फोनवर नुसता आवाज. त्याच्या डोळ्यांपुढे अजून ती पहिलीच आहे. असं बघितलं तर ओळखणार नाही तो बहिणीला. तेवढं कर, बाई. मी दुसरं काही मागत नाही."

पार्लरवालीचा जीव तीळतीळ तुटला. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. गिऱ्हाइकाच्या पर्समधलं जुनं क्रीम सरळ कचऱ्यात टाकायची, मग त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरी बेहत्तर. आज मात्र तिने ती बाटली हातातच ठेवली. हे लावून आता काय बिघडणार होतं? आणि नवं लावून तरी काय सुधारणार होतं?

तिने बाटली जमेल तेवढी हलवली. एक थेंब बोटावर घेतला, धाकटीचे केस बाजूला सारले आणि तो कानामागे टेकवला. मग हात मागे घेऊन ती थांबली.

आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. कुणालाही पहिल्यांदा काही लावायचं म्हटलं की ती असंच करायची. कानामागे थेंब लावायचा, जरा वाट बघायची, कातडी लाल झाली नाही तरच चेहऱ्याला हात लावायचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईघाईने कापूस उचलला.

आईने तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. थांब."

"काकू, उगाच हात गेला माझा. आता तसं काही..."

"थांब म्हणते ना. लगेच कळत नाही ते."

आईने डोळ्यांना चष्मा लावला, डबा खाली ठेवला आणि लेकीच्या कानाशी वाकली. खाली दारात गाडी थांबली. कुणीतरी दादाचं सामान उतरवून घेत होतं, मग जिन्यावर पावलं वाजू लागली.

"काकू, दादा आले. निदान ओठांना तरी काही लावू द्या."

आईने मान वर केली नाही.

"जरासं लाल दिसतंय का गं?" तिने विचारलं.

पार्लरवाली वाकली आणि तीही बघू लागली.