सारजाबाईचा शॉट

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोनारीजवळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मुंबईची सिनेमावाली माणसं आली, तेव्हा माती वाहणाऱ्या बायकांना वाटलं, आता नाचगाणं बघायला मिळणार. पण दिग्दर्शकानं नाच आणला नाही की रंगवलेले पडदे आणले नाहीत. तीन दिवस तो मुकादमाशेजारी दगडावर बसून बायकांचं काम बघत राहिला. भाकरीच्या सुट्टीत त्यानं सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत स्टुडिओ मोडून पडले, तेव्हा तिथल्या लोकांनी कॅमेरा रस्त्यावर नेला आणि गवंडी, हमाल यांनाच नट केलं. ते सिनेमे बघितल्यापासून त्याला खोटं गाव उभं करवत नव्हतं. इटली कुठं आहे हे माती वाहणाऱ्या सारजाबाईला ठाऊक नव्हतं, पण हा माणूस तिच्या मनात भरला.

चौथ्या दिवशी मोठ्या प्रसंगाचं शूटिंग होतं. टोपलं घेऊन ओळीत चाललेल्या बाईला आई वारल्याचं कळतं. मुंबईहून आलेल्या नटीनं टोपलं फेकलं आणि आभाळाकडं बघत ती बराच वेळ बोलली. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. सारजाबाई मात्र शेजारच्या कडूबाईला हळूच म्हणाली, असं कुणी करत नसतं. ते दिग्दर्शकाच्या कानावर गेलं. आता कामावरून काढतात की काय, म्हणून ती घाबरली. त्यानं तिला समोर बसवून विचारलं, मग कसं करतात?

"माझी माय गेल्याचा सांगावा मला हितंच आला," ती म्हणाली. "टोपलं टाकलं तर मागची बाई अडखळती, साहेब. म्या वर जाऊन माती वतली. मग बसले."

"काही बोललात?"

"न्हाय. जिच्याशी बोलायचं तीच गेली हुती."

त्यानं संवादाच्या कागदाची घडी करून खिशात घातली. नटी स्वतःच म्हणाली, हा प्रसंग बाईंनाच द्या, मी त्यांच्या मागून चालते.

सारजाबाई भरावावर चढली, माती ओतली, बसली आणि हाताची माती चोळत राहिली. ते दिग्दर्शकानं दुसऱ्यांदा करायला लावलं नाही.

दोन वर्षांनी सिनेमा धाराशिवच्या टॉकीजला लागला. सारजाबाई आणि कडूबाई एसटीनं गेल्या. गाणी नाहीत म्हणून पुढची पोरं मध्यंतरालाच उठली. सारजाबाईला मात्र नवल वाटत होतं. पडद्यावर त्याच बायका होत्या, घामेजलेल्या, फाटक्या लुगड्यातल्या, पण कुठं त्यांची कीव केलेली नव्हती. त्यांची चाल किती डौलदार होती, हे ती पहिल्यांदाच बघत होती. मग ती स्वतः भरावावर चढताना दिसली आणि टॉकीजात कुणी खोकलंसुद्धा नाही.

कडूबाईनं तिचा हात धरला. "माय गेली त्या दिशी तुझ्या मागं म्याच हुते," ती म्हणाली. "मला काईच कळलं न्हवतं गं."

सहाच्या एसटीनं परतायचं ठरलं होतं. खेळ सुटल्यावर दोघी पुढच्या खेळासाठी पुन्हा टॉकीजच्या तिकिटाच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.